देहाची बोली आणि ग्रामीण स्त्री

ग्रामीण स्त्रीला स्वतःच्या देहाविषयी काही कळत नाही, असा नागर सुधारकांचा समज दीर्घकाळ राहिला. वस्तुतः महाराष्ट्रातील खेड्यांत या विषयाची एक पूर्ण बोली होती; परंतु ती रूढीने घडविलेली, आडवळणाची होती. पहिले ‘न्हाण’ आले की मुलीला मखरात बसवीत, तिची ओटी भरीत. तीच मुलगी पुढे दरमहा ‘कावळा शिवला’ म्हणून दूर बसे. एकाच घटनेला उत्सव आणि विटाळ अशी दोन रूपे देणाऱ्या या आचारातून स्त्री एवढेच शिके, की देहाचे मोल कुशीत आहे. अपत्याखेरीज जे सुख वा दुखणे असेल, ते उघड बोलायचे नसते.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या कामसुखाचा हक्क निर्भीडपणे मांडला. पण ते साक्षरांचे मासिक होते. खेड्यातील बहुसंख्य स्त्रिया निरक्षर. त्यांचे वाङ्मय पहाटे जात्यावर घडत होते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत माहेर, भाऊ, लेक आणि विठ्ठल यांच्याशी मनमोकळे हितगुज आहे. शरीरसंबंधाविषयी मात्र ओवी सहसा सूचकतेनेच बोलते.

या संकोचाची किंमत १९८९ मध्ये आकड्यांत दिसली. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होता. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. ‘अंगावरून जाणे’ हा बाईच्या जन्माचाच भोग मानला, की औषध मागण्याचा प्रश्नच उरत नाही.

राणी बंग यांनी पुढे गावातील स्त्रियांकडून त्यांचेच शब्द शिकून घेतले. त्यांच्या पुस्तकाचे ‘कानोसा’ हे नाव म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. ज्या बोलीने स्त्रीला गप्प केले, त्याच बोलीतून तिला पुन्हा बोलते करावे लागले.