रंगभूमीचा राजा पडद्यावर



संगीत नाटकाचा बोलपट करताना काय सोबत न्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न बालगंधर्वांच्या दोन बोलपटांनी फार स्पष्टपणे पुढे मांडला आहे. त्यांतील पहिला तर आपल्या शेजारच्या पैठणचा, नाथांचा.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्र नाटकाला जाई तो मुख्यतः गाणे ऐकावयास. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने या वेडाला कळस चढविला. ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी गाऊ लागली की ‘वन्स मोअर’चा गजर होई, एकेक पद रंगत जाई आणि रात्र सरली तरी श्रोता हालत नसे.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि नाटकमंडळ्यांच्या तंबूंना ओहोटी लागली. अशा वेळी, १९३५ साली, बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. दिग्दर्शन शांतारामांचे, संगीत मास्तर कृष्णरावांचे. बोलपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’. त्यात गांधीजींची सूचना दिसली म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली व नाव बदलावे लागले. अस्पृश्यांना जवळ करणारा नाथ सरकारलाही झोंबला, तो असा! परंतु शालू नेसलेल्या रुक्मिणीवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला पुरुषवेषातले गंधर्व आपले वाटेनात.

मग १९३७ साली त्यांनी उलट वाट धरली. वसंत शांताराम देसाई यांच्या ‘अमृतसिद्धी’ नाटकावरून बाबूराव पेंटरांनी ‘साध्वी मीराबाई’ केला आणि गंधर्व मीरा झाले. हाही डाव फसला. रंगभूमीवर दिवे, अंतर आणि श्रोत्यांची श्रद्धा मिळून स्त्री घडवीत. जवळ आलेल्या कॅमेऱ्याने पन्नाशीला टेकलेला पुरुष दाखविला. दाद देणारा श्रोता समोर नाही, तेव्हा पद फुलावे कोणाच्या आधाराने? गळा तोच होता. त्याला फुलविणारी मैफल मात्र पडद्यावर आली नाही. पुढे गंधर्व रंगभूमीकडेच परतले.

याच सुमारास परदेशात काय घडले पाहा. बिझेच्या १८७५ च्या फ्रेंच ऑपेराने कारमेनची कथा जगभर नेली होती. १९३८ साली फ्लोरियान रे याने तिचा स्पॅनिश बोलपट बर्लिनमध्ये केला, तेव्हा ऑपेराचे संगीत बाजूस ठेवून इम्पेरिओ आर्खेंतिना हिच्या तोंडी स्पॅनिश ढंगाची गाणी घातली. कथा ठेवली, गाण्याचा पेहराव बदलला.

आपल्याकडे हे शहाणपण यावयास वेळ लागला. १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ साली पडद्यावर आले, ते अभिषेकीबुवांची पदे राखून आणि नवी गाणी घालून. दिग्दर्शक सुबोध भावे, ज्यांनी २०११ साली पडद्यावर बालगंधर्वच साकारले होते. लोकांनी ते डोक्यावर घेतले.

म्हणून गंधर्वांच्या त्या दोन प्रयत्नांना नुसते अपयश म्हणू नये. नाटक पडद्यावर न्यावयाचे तर ते नव्याने रचावे लागते, हा धडा त्यांनी आपल्या कीर्तीची किंमत मोजून घालून दिला. आज कट्यारीला टाळ्या वाजविताना एक टाळी त्या मीरेसाठीही असू द्यावी, एवढेच माझे मागणे.