‘मी ठीक आहे’ या उत्तराचा इतिहास

आज आपण कुठल्या मैदानावर खेळतोय? सध्या कितवा क्वार्टर चालू आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या मॅचमध्ये समोर कोण होतं? ती मॅच आपण जिंकलो का?

तुम्ही शाळेच्या किंवा कॉलेजच्या टीमकडून रग्बी, सॉकर, हॉकी खेळत असाल, तर डोक्यावर आपटल्यावर असे प्रश्न कदाचित तुम्हालाही कुणी विचारले असतील. ऐकताना बावळट वाटतात. पण ते विचारपूर्वक निवडलेले आहेत. पूर्वी मैदानात धावत येणारा माणूस नाव, जन्मतारीख, आज वार कोणता, असं विचारायचा. १९९५ मध्ये मेलबर्नच्या डेव्हिड मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूंवर हे प्रश्न तपासून पाहिले. निष्कर्ष असा की कन्कशन झालेला खेळाडू स्वतःचं नाव आणि जन्मतारीख व्यवस्थित सांगू शकतो. तो अडखळतो ते अलीकडच्या गोष्टींवर. जुनी आठवण पक्की बसलेली असते, नवी नोंदवण्याचं काम मात्र विस्कटलेलं असतं.

मराठीत कन्कशनला चपखल शब्द नाही. घरी आपण ‘मुका मार’ म्हणतो: रक्त नाही, जखम नाही, नुसता मार. मला तो शब्द पटतो, कारण डॉक्टरांची अडचण नेमकी तीच आहे. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दाखवतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूचं काम, त्यामुळे स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. मैदानाच्या कडेला उरतं काय? प्रश्न विचारणं, तोल बघणं, आणि खेळाडू काय सांगतो ते ऐकणं. आणि खेळाडू सांगतो, “मी ठीक आहे.” या एका उत्तरावर विसंबून राहावं लागू नये, यासाठी गेली शंभर वर्षं खटपट चालली आहे.

सुरुवात बॉक्सिंगपासून झाली. १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलंड यांनी ठोसे खाऊन खाऊन अडखळत चालणाऱ्या, जड जिभेनं बोलणाऱ्या बॉक्सरांबद्दल लिहिलं. १९५२ मध्ये हार्वर्डचे ऑगस्टस थॉर्नडाइक यांनी सुचवलं की तीनदा कन्कशन झालेल्याला अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांपासून दूर ठेवा. सल्ला चांगला, पण त्यासाठी आधी कन्कशन झालंय हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्याची पद्धत कुणाकडेच नव्हती.

ती हळूहळू आली. १९८० च्या दशकात व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेफ्री बार्थ यांनी एक साधी कल्पना वापरली: सीझन सुरू होण्याआधीच खेळाडूची चाचणी घ्यायची, म्हणजे मार लागल्यावर त्याची तुलना त्याच्याशीच करता येते. दहा विद्यापीठांतले दोन हजारांहून अधिक फुटबॉलपटू त्यांनी तपासले. पुढे २००१ मध्ये व्हिएन्नात आणि २००४ मध्ये प्रागला तज्ज्ञ जमले, आणि २००५ मध्ये ‘स्कॅट’ नावाचा तपासणीचा तक्ता छापून आला. आज त्याची सहावी आवृत्ती वापरात आहे. त्यात शब्दांची यादी पाठ म्हणायची असते, आकडे उलटे सांगायचे असतात, डिसेंबरपासून मागे महिने म्हणायचे असतात, एका पायावर उभं राहायचं असतं. (तुमच्या घरी पाहुणे म्हणून आलेले, क्लबात क्रिकेट खेळणारे काका हे महिने इंग्रजीत उलटे म्हणताना चुकले, तर तो मार आहे की भाषा, हे तपासणाऱ्याला कळायला हवं. भाषांतराचा प्रश्न किरकोळ नाही.)

पण ही पद्धतही फसवता येते. २०११ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा स्टार पेटन मॅनिंग एका मुलाखतीत म्हणाला की सीझनआधीची चाचणी आपण मुद्दाम वाईट देतो, म्हणजे नंतरची खराब वाटत नाही. तो विनोद होता, असं त्यानं मागाहून सांगितलं. असेलही. पण तो सगळ्यांना लगेच कळला, यातच सगळं आलं.

माझ्या मते खरा बदल प्रश्नांनी आणलाच नाही. तो आणला खरं बोलण्याची किंमत कमी करणाऱ्या नियमांनी. रग्बीत अनेक वर्षं नियम होता की कन्कशन ठरलं की तीन आठवडे बाहेर. हेतू उत्तम, पण त्यामुळे तो शब्द कागदावर येऊच नये याकडेच कल व्हायचा. शिवाय रक्त आलं तर तात्पुरता बदली खेळाडू मिळायचा, मुका मार लागला तर नाही. डॉक्टर चालू खेळात गुडघ्यावर बसून तपासायचे. २०१२ पासून तपासणीपुरता बदली खेळाडू देण्याचा प्रयोग सुरू झाला, आधी पाच मिनिटं, नंतर दहा. तेवढ्यानं डॉक्टरला निदान श्वास घ्यायला वेळ मिळाला.

अमेरिकेत कायदाच झाला. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला तेरा वर्षांचा झॅकरी लिस्टेड डोक्याला मार लागूनही पुन्हा खेळायला उतरला आणि मॅच संपल्यावर कोसळला. तो वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. २००९ मध्ये त्याच्या नावानं कायदा आला: संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं, आणि लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचं नाही. काही वर्षांत सगळ्या राज्यांत कन्कशनचे कायदे झाले. अमेरिकेत वाढला असाल, तर दर सीझनला आई-बाबांनी बहुधा न वाचता सही केलेला तो कागद इथून आला आहे.

क्रिकेटमध्ये गप्प बसण्याचं कारण सगळ्यात मोठं होतं. बदली खेळाडू फक्त फील्डिंग करणार, म्हणजे तुम्ही बाहेर गेलात की टीम दहाची. १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला. तो चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. ते साधं कन्कशन नव्हतं, आतला रक्तस्राव होता, आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसू शकतात. म्हणून मार लागलेल्याला एकटं सोडायचं नसतं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली, तर सरळ हॉस्पिटल.

१ ऑगस्ट २०१९ पासून आयसीसीनं पूर्ण खेळू शकणारा बदली खेळाडू मान्य केला. तीनच आठवड्यांच्या आत लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथनं चाचण्या पास केल्या, पाऊण तासानं परत येऊन बॅटिंगही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसली. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला आणि त्यानं ५९ धावा केल्या. म्हणजे चाचणी चुकीची नव्हती, पण एकदाच घेऊन भागत नाही.

आता संशयाची दिशा उलटी झाली आहे. २०२० मध्ये कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजाच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलनं तीन विकेट घेतल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे कोच जस्टिन लँगर मॅच रेफरीशी वाद घालताना दिसले. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या ओव्हरमध्ये चेंडू आदळला. त्याच्याऐवजी फास्ट बोलर हर्षित राणा उतरला, त्यानंही तीन विकेट घेतल्या आणि भारत १५ धावांनी जिंकला. हा बदल सारख्याला सारखा नव्हता, असं जोस बटलर म्हणाला, आणि बोलिंगच्या बाबतीत मला त्याचं म्हणणं पटतं. इंग्लंडची तक्रार बदली कोण आला याबद्दल होती. दुबेला बाहेर काढायला नको होतं, असं मात्र बटलर म्हणाला नाही.