होडीत राहिलेला जब्दी

१९८६ साली दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले आणि गिनोसारजवळच्या चिखलात दोघा मच्छीमार भावांना एक प्राचीन होडी आढळली. सुमारे आठ मीटर लांबीची ही होडी प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची आहे. निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून ती वारंवार दुरुस्त केलेली होती. ही पेत्राचीच होडी, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु पहिले प्रेषित अशाच कष्टकऱ्यांतून आले.

प्रभूची हाक आली तीही कामाच्या जागी. पेत्र व आंद्रिया जाळे टाकीत होते, याकोब व योहान जाळी नीट करीत होते, मत्तय जकातनाक्यावर बसला होता. संत मार्क आणखी एक गोष्ट नोंदवतो : याकोब व योहान निघाले, तेव्हा त्यांचा पिता जब्दी चाकरांसह होडीतच राहिला.

आपण बहुतेक जण जब्दीच्याच जागी आहोत. मग आपल्याला पाचारण नाहीच काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात निःसंदिग्धपणे सांगितले, की पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे. प्रापंचिकांनी ते संसारात व व्यवसायात राहूनच जगायचे आहे.

जब्दीने मुलांना अडवल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला हाक आली, तर वाट मोकळी करून देणे आणि आपली होडी प्रामाणिकपणे चालवीत राहणे, हेही प्रभूच्या मागे जाणेच आहे, असे आम्हांला वाटते.