खेळ हाच बाळाचा व्यवसाय

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकला की पुष्कळांना वाटते, कुणाला तरी धंद्याला लावण्याची ही योजना असावी. मग दोन वर्षांच्या बाळाला कसला आला आहे व्यवसाय? पण माणूस दिवसभरात जी जी गरजेची आणि आवडीची कामे करतो, तो त्याचा व्यवसाय, असा या शास्त्रातला अर्थ आहे. खेळणे, आपल्या हाताने जेवणे, सदऱ्याची गुंडी लावणे, पाटीवर रेघ ओढणे हा मुलाचा व्यवसाय. आजाराने किंवा जन्मजात दोषाने ही कामे अडली, तर त्याच कामांच्या आधाराने मुलाला ती करायला शिकवायची, हे इस्पितळातल्या बालव्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम.

हे शास्त्र संघटित रूपाने अमेरिकेत 1917 साली उभे राहिले आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेत वाढले. आपल्याकडे ते रुजवले एका सुनेने. अमेरिकेतील क्वेकर घराण्यातली एलिझाबेथ लुंडी ही विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. पुढे त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. 1952 साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी निघालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारतही होता. फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ त्यांच्याच नावाने चालते.

त्या काळात मुलांच्या वॉर्डात मुख्य शत्रू होता पोलिओ. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947 साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र काढले. हाजीअलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय त्याच प्रयत्नांतून उभे राहिले. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. पण उपचारतज्ज्ञाचे काम संपले नाही, त्याचे स्वरूप बदलले. आता त्यांच्याकडे सेरेब्रल पाल्सीची, स्वमग्नतेची, उशिरा बसू-चालू लागणारी मुले येतात. वेळेआधी झालेला जन्म, जन्मताना कमी पडलेला प्राणवायू, वाढलेली कावीळ ही त्यामागची काही कारणे.

हा सारा इतिहास मुंबईचा झाला. पण डहाणू तालुक्याचाही एक इतिहास आहे. तो वैद्यकाचा नसला, तरी या विषयाला अगदी लागून आहे. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर आणायची कुठून? म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच अंगणात जायचे, ही अंगणवाडीची कल्पना. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली.

याच तालुक्याच्या डोंगरपट्टीत सायवन आहे. इथल्या पाड्यावरच्या आईला लेकराला घेऊन शहरातल्या इस्पितळात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर भाडे जाते. डहाणू-तलासरीतली कित्येक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवर किंवा गुजरातेत कामाला जातात. उपचार मात्र महिनोन्महिने, रोज थोडा थोडा करावा लागतो. मेंदू कोवळा असतो ती पहिली वर्षे हातची गेली, की तेच काम फार कठीण होऊन बसते.

6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरची सुरुवात झाली, ती पालघरहून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. या कार्यक्रमात फिरत्या पथकाने अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात. दोष आढळलेल्या मुलाला पुढील उपचारासाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचे. योजना चांगली आहे. पण दोष शोधणे हा आरंभ झाला. खरा उपचार त्यानंतर घरी चालतो.

आणि घरी काय नसते? आधी मुलाला नीट बसवायचे. पाठीला आधार हवा, पाय जमिनीला टेकायला हवेत. अंग डळमळत असेल तर हात मोकळा होत नाही. मग चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. त्याने चिमटीची पकड येते. मात्र बिया तोंडात जाणार नाहीत, याकडे मोठ्यांचे लक्ष हवे. चमचा धरवत नसेल, तर दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करायचा. सूप दोन्ही हातांनी धरले की दोन्ही हात एकत्र काम करू लागतात. तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी वारली घराला नवी नाही. भिंतीवर ठिपके काढताना खांदा, मनगट आणि नजर यांचा मेळ बसतो. कोणत्या मुलाला यातले काय आणि किती, हे मात्र तज्ज्ञानेच ठरवायचे. आईला ते करून दाखवायचे, तिच्याकडून करवून घ्यायचे, म्हणजे कुटुंब भट्टीवर गेले तरी उपचारही त्यांच्यासोबत जातो.

के.ई.एम.मध्ये रुजलेले शास्त्र आणि कोसबाडला उमगलेली रीत या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. एकीला शरीर कळते, दुसरीला अंगण. इस्पितळातल्या तज्ज्ञाने महिन्यातून ठरलेल्या दिवशी सायवनसारख्या गावी यावे, अंगणवाडीताईला आणि आईला सोबत घ्यावे, इतके झाले तरी पुष्कळ मुलांची पहिली वर्षे वाया जाणार नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात गेली. उपचारालाही तीच वाट धरता येईल.