एकच पोथी, एकच फोन: मराठवाड्याने शिकवलेला बॅकअप

आपल्याला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "फोन 128 जीबीचा घेऊ की 256 चा? आणि घरी नॅस बसवावं का?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेला हार्ड डिस्कचा छोटा डबा. घरातले सगळे फोन आपले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात टाकू शकतात.

पण आज स्पेक शीट नंतर उघडू. आधी थोडा इतिहास, कारण माहिती कशी हरवते याचे चार धडे आपल्याच भागात आणि आपल्याच भाषेत घडून गेलेत.

पहिला धडा तेराव्या शतकातला. नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभाव पंथासाठी फार महत्त्वाचं ठिकाण आहे. या पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लिहिल्या. तोच 'लीळाचरित्र' हा मराठी गद्यातला अगदी सुरुवातीचा ग्रंथ. पुढे दिल्लीच्या फौजा देवगिरीवर आल्या आणि त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग शिष्यांनी काय केलं? ज्यांना जे पाठ होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसा यांच्या स्मरणाचा आधार घेतला गेला, असं परंपरा सांगते. म्हणूनच लीळाचरित्राचे आज एकापेक्षा जास्त पाठ मिळतात आणि ते सगळीकडे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत हरवली की ग्रंथ परत मिळेलही, पण जसाच्या तसा मिळेल याची खात्री नाही.

दुसरा धडा याच पंथाचा. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध 'सकळ लिपी'. हिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह येतं. आपल्या भाषेत, एन्क्रिप्शन! ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते कितीतरी शतकं वाचताच आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कुठे जुन्या मराठीचा हा खजिना सगळ्यांसमोर आला. डेटा शाबूत होता, किल्ली मात्र मोजक्या लोकांकडे होती.

तिसरा धडा कागदांचा. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण मुंबई राज्यात आलो. माणसं इकडे आली, जुने कागद मात्र बरेचसे हैदराबादलाच राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. निजामकाळातल्या नोंदी हव्या होत्या. त्यातल्या कितीतरी मोडी आणि उर्दूत, आणि काहींसाठी थेट हैदराबाद गाठावं लागलं. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट मान्य कराल: आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर ती कधी आणि कशी मिळेल हे आपल्या हातात राहत नाही.

क्लाउडचं असंच आहे. गूगल फोटोज 2015 मध्ये आलं, तेव्हा 'हाय क्वालिटी'त हवे तितके फोटो फुकट ठेवता यायचे. 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीच्या हिशोबात धरायला लागले. यात फसवणूक नाही. जागा त्यांची, नियमही त्यांचे.

चौथा धडा सांगताना आवाज थोडा खाली येतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात 6.2 रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरं माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. अशा घरात लग्नाचे फोटो पेटीत असोत की कपाटात, शेतीचे कागद एका खोलीत असोत की दुसऱ्या, काय फरक पडतो? छप्पर एकच होतं.

आता नॅसकडे येऊ. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड'वर प्रसिद्ध पेपर लिहिला. कल्पना साधी आहे: अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडा आणि एखादी बंद पडली तरी काम चालू ठेवा. दोन डिस्कच्या नॅसमध्ये एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर असते. एक डिस्क मेली तर दुसरी सांभाळून घेते. पण तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं, तर ते दोन्हीकडून जातं. आणि वीज पडली, चोरी झाली, घरात पाणी शिरलं, तर दोन्ही डिस्क त्याच डब्यात आहेत. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

यावर जगभर वापरला जाणारा नियम आहे 3-2-1. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. लातूरच्या घरात नॅस असेल, तर दिवाळीला नांदेडला जाताना एक पोर्टेबल डिस्क भरून न्या आणि ताईच्या कपाटात ठेवून या. वर्षातून दोनदा बदला. खर्च फक्त एका डिस्कचा.

आता खरेदी. फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी चार गोष्टी बघा. मेमरी कार्डची जागा आहे का? नसेल तर 256 घ्या, कारण 4के व्हिडिओ मिनिटाला तीनशे-साडेतीनशे एमबी सहज खातो. यूएसबी 2.0 आहे की 3? सी टाइपचं तोंड दिसलं म्हणजे वेग मिळेलच असं नाही. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? आणि फोटो कोणत्या फॉरमॅटमध्ये साठतात? जेपेग कुठेही उघडतो, बाकीच्यांचं सकळ लिपीसारखं होऊ शकतं.

नॅस घेताना दोन डिस्कचं घ्या आणि सोबत छोटा यूपीएस घ्याच. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल्स बिघडू शकतात. डबा हवेशीर जागी ठेवा, पत्र्याखाली नको, आपला मे महिना माहितीय ना! एन्क्रिप्शन चालू केलंत तर पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाला द्या. आणि दर सहा महिन्यांनी बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून उघडून बघा. उघडली तरच तो बॅकअप.

पैसे नसतील तर नॅस राहू द्या. दोन साध्या डिस्क, दोन वेगळ्या घरांत. या रविवारी आई-बाबांच्या फोनमधले फोटो, सातबारा, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, एवढं तरी दुसरीकडे उतरवून घ्या. म्हाइंभटांना त्यासाठी गावोगाव फिरावं लागलं होतं, तुम्हाला फक्त एक केबल लागेल.

भेटूया पुढच्या भागात!