दौलताबादसाठी एक संपूर्ण दिवस



दौलताबादचा किल्ला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शाळेची सहल वेरूळला निघाली की वाटेत तासभर बस तेथे थांबते, मुले मेंढा तोफेवर हात फिरवतात, अंधारीत आरडाओरडा करतात आणि शिट्टी वाजताच धावत परत येतात. मीही तो किल्ला प्रथम असाच पाहिला. या लेखात मात्र मी आपणांस अशी विनंती करणार आहे की, एकदा थोडी पदरमोड करून भाड्याची मोटार ठरवा आणि संपूर्ण दिवस या एकाच किल्ल्याला द्या. त्याचे कारणही सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब एका प्रवासी बसने गेलो होतो. बसबरोबरच्या गृहस्थाने किल्ल्यासाठी पन्नास मिनिटे दिली. खंदकावरच्या पुलावर उभे राहून त्याने कोणी केव्हा हल्ला केला आणि शत्रूला अंधारात कसे कोंडून मारीत, एवढे सांगितले. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. बस सुटल्यावर त्याने हळूच विचारले, "अब्बा, आपले लोक किल्ल्याच्या आत होते की बाहेर?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. मागच्या बाकावरचे लोक ऐकत असावेत असे वाटून मी "घरी गेल्यावर सांगतो" म्हटले. घरी गेल्यावर त्यानेही विचारले नाही व मीही सांगितले नाही. वाचकहो, हा प्रश्न केवळ माझ्या मुलाचा नाही. इतिहासाच्या तासाला आपली कितीतरी मुले तो मनात घेऊन खाली मान घालून बसतात. काही मुले उलट छाती फुगवतात. दोन्हींची मला सारखीच काळजी वाटते.

तो दहावीत गेला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो, या वेळी मोटार करून. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या रेल्वे स्टेशनाबाहेर मोटारी मिळतात. भाडे ठरवताना फेरीवर ठरवू नये, दिवसावर ठरवावे. किती किलोमीटर, थांबण्याचा आकार किती, चालकाच्या जेवणाचे काय, हे आधीच बोलून घ्यावे, म्हणजे संध्याकाळी वाद होत नाही. मोटारवाले वेरूळही उरकून घेण्याचा आग्रह धरतात. त्याला नम्रपणे नकार द्यावा. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून मंगळवार निवडला तर आग्रहाचा प्रश्नच मिटतो.) आम्हांला लाभलेला चालक साठीकडे झुकलेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला गृहस्थ होता. एका किल्ल्यासाठी पूर्ण दिवसाचे भाडे देणारी मंडळी त्याला थोडी वेडसर वाटली असावीत.

शहरापासून किल्ला सुमारे १५ किलोमीटर. आपण बाहेरच्या तटापाशी येतो तो अंबरकोट. हा तट मलिक अंबरने बांधला असे मानतात. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याच्याविषयी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल, म्हणून आता पुढे जाऊ.

महाकोटाच्या दरवाजातून आत शिरले की हत्ती हौद लागतो आणि पुढे एक प्रशस्त चौक. ही १३१८ च्या सुमाराची जामा मशीद, दिल्लीच्या कुत्बुद्दीन मुबारकशहा खिलजीच्या वेळची. तिचे खांब देवळांचे आहेत, हे पाहताक्षणी कळते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर येथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. मुलांपासून यातले काहीही लपवू नये असे माझे मत आहे. जे दगड स्वतःच बोलतात त्यांच्यापुढे पालकाने गप्प बसून काय मिळवायचे? समोरच चांद मिनार आहे, पंधराव्या शतकातला, बहामनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या काळचा. त्याच्या सावलीत बसून मी मुलाला इसवी सन १२९६ ची हकीकत सांगितली.

त्या वर्षी अलाउद्दीन खिलजी अजून सुलतान झाला नव्हता. तो अलाहाबादजवळच्या कडा येथील सुभेदार होता आणि चुलता सुलतान जलालुद्दीन याला थांगपत्ता लागू न देता काही हजार स्वारांनिशी देवगिरीवर येऊन पडला. यादवांची मुख्य फौज राजपुत्राबरोबर दूर होती. राजा रामचंद्र किल्ल्यात शिरला. हा किल्ला म्हणजे चारी बाजूंनी तासून उभा केलेला कडा, भोवती खडकात खोदलेला खंदक. चढून जाणे जवळजवळ अशक्य. शिवाय घाईघाईने पोती भरून आत नेलेली होती, म्हणजे धान्याचीही चिंता नव्हती. फरिश्ता लिहितो की, काही दिवसांनी ती पोती उघडली तेव्हा त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. राजाला तह करावा लागला आणि अलोट सोने घेऊन अलाउद्दीन परत गेला. त्याच सोन्याच्या बळावर त्याने चुलत्याचा काटा काढून दिल्लीचे तख्त मिळवले.

"म्हणजे आपले लोक बाहेर होते," मुलगा म्हणाला. मी म्हटले, "चल, अजून वर जायचे आहे."

काळाकोटात चिनी महाल आहे. निळ्या चकाकत्या फरशांचे काही तुकडे भिंतीवर अजून शिल्लक आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ मध्ये राज्य जिंकून घेतल्यावर येथे कैदेत ठेवले. मरेपर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, तो इथेच राहिला. त्याची कबर खुलदाबादेत आहे, आणि त्याला कैद करणाऱ्या बादशहाची कबरही त्याच गावात. मुलाला विचारले, "आता सांग, आपले लोक कोण? महालातला की महालाला कुलूप लावणारा?" तो काही बोलला नाही, पण चालण्याचा वेग कमी झाला.

१६३३ चा वेढा तर त्याहून गुंतागुंतीचा. बाहेर शहाजहानचा सेनापती महाबतखान, त्याच्या फौजेत राजपूत. आत मलिक अंबरचा मुलगा फतेहखान आणि अल्पवयीन निजामशहा. किल्ल्याच्या मदतीला विजापूरकरांकडून रणदुल्लाखान आणि मुरारपंत, आणि त्यांच्याबरोबर शहाजीराजे भोसले. एकाच लढाईत दोन्ही बाजूंना मुसलमान, दोन्ही बाजूंना हिंदू! तटाला सुरुंग लागले खरे, तथापि वरचा कडा कोणाला जिंकता आला नाही. आतले अन्न संपले, रोगराई आली, आणि फतेहखानाने पैसे घेऊन किल्ल्या हवाली केल्या. पोर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. ३३७ वर्षांच्या अंतराने या अजिंक्य किल्ल्याला दोनदा भुकेने वाकवले.

मध्ये मुहम्मद तुघलकाचा प्रसंग येतो. त्याने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केले. त्याच्या 'वेडेपणा'वर मुलांनी पाठ्यपुस्तकात पुष्कळ वाचलेले असते. राज्याच्या मध्यावर राजधानी असावी हा विचार वेडाचा नव्हता. माणसांना बळाने हलवणे क्रूरपणाचे होते. पण त्या स्थलांतरात दिल्लीचे जे सूफी, आलिम आणि कारागीर आले, त्यांतले कितीतरी परत गेलेच नाहीत. खुलदाबादचे हजरत बुर्हानुद्दीन गरीब त्यांतलेच. त्यांच्याबरोबर आलेली बोली इथल्या मराठीच्या शेजारात राहून दखनी झाली. आपल्या घरात जी आपण अजून बोलतो आणि परगावच्या लोकांपुढे उगीच लाजतो, ती हीच. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता काही वर्षांनी येथे आला होता. वर जायला चामड्याची शिडी असून ती रात्री ओढून घेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. तुरुंगातले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते, असेही तो सांगतो. मुलांना हा भाग फार आवडतो.

अंधारीतून जाताना विजेरी जवळ ठेवा. वटवाघळांचा वास असह्य होतो, म्हणून लहान मुलांना रुमाल द्या. बाहेर आल्यावर पायऱ्याच पायऱ्या, मग गणपतीचे देऊळ, मग मोगलांची बारादरी. तिच्या सज्ज्यात वारा असा येतो की चढणीचा शीण विसरतो. आमची न्याहारी तेथेच झाली. माळ घातलेले आमचे चालककाका आमच्याबरोबर एवढे चढून आले होते. त्याचे कारण आम्हांला पुढे कळले.

शिखराच्या अलीकडे जनार्दनस्वामींचे स्थान आहे. काकांनी तेथे डोके टेकवले. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या अमलात जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. मुसलमान सुलतानाने आपला सर्वांत बळकट किल्ला एका दत्तभक्त ब्राह्मणाच्या हाती दिला होता! पैठणहून बारा वर्षांचा एकनाथ गुरू शोधत यांच्याकडेच आला आणि किल्ल्याच्या जमाखर्चाचे काम करू लागला. एका पैचा हिशेब लागेना म्हणून त्याने रात्र जागवली, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. ती गोष्ट या किल्ल्यावरची.

आणि या जनार्दनस्वामींचे गुरू कोण? परंपरा सांगते की चांद बोधले, म्हणजे कादरी परंपरेतले सय्यद चांदसाहेब. त्यांचे स्थान किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. श्रीगोंद्याचे मराठी संतकवी शेख महंमद हेही त्यांचेच शिष्य मानले जातात. एकनाथांनी पुढे 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला, तो असल्या गुरूघराण्यातून आलेल्या माणसाने लिहावा यात नवल नाही.

उतरायला वेळ लागला. खाली आल्यावर काकाच म्हणाले, "साहेब, दिवसाचं भाडं दिलंय, तर चांद बोधल्यांकडे जाऊन येऊ." बसमधून आलो असतो तर त्या जागेचे नावही कानी पडले नसते. काकांनी तेथेही तसेच डोके टेकवले, आम्ही फातिहा वाचला. मुलगा दोघांकडे पाहत उभा होता.

परतीच्या वाटेवर अंबरकोटाच्या बाहेर पडेपर्यंत तो गप्प होता. मला वाटले तो जुना प्रश्न पुन्हा विचारणार, आणि या वेळी मी उत्तराची तयारी करून ठेवली होती. पण त्याने विचारले, "अब्बा, ती पोती आत नेताना एकानेही उघडून पाहिली नाही?"

काका पुढून म्हणाले, "तेव्हा नाथ हिशेबाला नव्हते ना, बाळा."