स्त्रीबीजाला जाग कोण आणतं?

आपल्या मंडळींच्या गप्पांत एच-वन, ग्रीन कार्ड, मुलांच्या शाळा असे सगळे विषय निघतात. पण मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्यातून गेलेल्या जोडप्यांना एक गोष्ट मात्र पाठ असते: ‘ट्रिगर शॉट’ ठरलेल्या वेळेला घ्यायचा आणि साधारण ३६ तासांनी स्त्रीबीजं काढून घ्यायची. त्या वेळात आत नक्की काय घडतं? हे कळायला सत्तर वर्षं लागली, आणि त्यातला बराचसा इतिहास अमेरिकेतच घडला.

मुलगी जन्मते तेव्हाच तिची बीजं तयार असतात, पण अर्धवट पिकून थांबलेली. १९३५ साली हार्वर्डमध्ये ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन यांनी सशाची बीजं त्यांच्या पिशवीतून, म्हणजे फॉलिकलमधून, बाहेर काढली, तर ती आपोआप पिकायला लागली! म्हणजे फॉलिकलच त्यांना रोखून धरत होतं. माणसाच्या बीजाला पिकायला सुमारे ३६ तास लागतात, हे १९६५ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्सनी दाखवलं. त्या कामात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या हॉवर्ड आणि जॉर्जिआना जोन्स या डॉक्टर दांपत्याची त्यांना मदत झाली. याच दांपत्याच्या प्रयत्नांतून २८ डिसेंबर १९८१ ला व्हर्जिनियात, नॉरफोकला, अमेरिकेतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांना असंच यश ६ ऑगस्ट १९८६ ला मिळालं.

तरी कोडं उरलंच. पिकण्याचा हुकूम मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच या हॉर्मोनच्या रूपाने सुटतो. ट्रिगर शॉट तोच हुकूम देतो. पण तो ऐकणारे रिसेप्टर असतात फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशींवर, बीजावर नाहीतच. मग निरोप आत पोचवतो कोण?

धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. सेंट लुइसमध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्यातलं प्रथिन म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. या कामासाठी कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं, रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत. पुढे २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्को कॉन्टी यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की एलएच पोचताच भिंतीतल्या पेशी त्याच घराण्यातले अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन आणि बीटासेल्युलिन हे फॅक्टर बनवतात. हेच ते निरोपे! ते बीजाभोवतीच्या पेशींना जागं करतात, त्या सैलावतात आणि बीज पिकतं. आमच्या आयटीच्या भाषेत, सर्व्हरचा मेसेज मधल्या राउटरने पुढे ढकलला. २०१० मध्ये मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन एपिग यांच्या गटाला उंदराचं बीज रोखून धरणारं, भिंतीतल्या पेशींनीच बनवलेलं छोटं प्रथिनही सापडलं. पिंकसच्या सशांना तोवर ७५ वर्षं झाली होती.

आता हे दोन्ही शोध वापरून, कमी इंजेक्शनं देऊन बीजं प्रयोगशाळेत पिकवण्याच्या पद्धती पुढे येत आहेत.

आपल्याकडे मूल झालं नाही की बोट पहिल्यांदा सुनेकडे जातं. पण इतक्या हातांतून जाणारा निरोप कुठेही अडकू शकतो. त्यात कुणाचा दोष नसतो. या दिवाळीत फराळ करताना एवढं जरी घरातल्या मोठ्यांच्या कानावर घातलं, तरी एखाद्या जोडप्याचं ओझं हलकं होईल.